शेठचे पैसे घेतले तर निराधारचा पगार जातो का हो?

या वेळचं पत्र मानवत तालुक्यातल्या एका ताईंचं आहे, नाव-गाव छापू नका म्हणल्यात. पत्र चार पानी आहे म्हणून थोडक्यात सांगतो. त्यांचे मिस्टर जिनिंगला, म्हणजे कापसातली सरकी वेगळी करायच्या कारखान्यात, कामाला होते, सीझनपुरतं, मुकादमाच्या हाताखाली. जानेवारी २०२५ मध्ये रात्रपाळीला जिनच्या रोलरपाशी कापूस तुंबला, तो ओढायला गेले आणि उजव्या हाताची चारी बोटं गेली, अंगठा तेवढा राहिला. वय तेव्हा ३५ पूर्ण. पगार महिना १२ हजार, रोख. शेठनं खाजगी दवाखान्याचं ८० हजार बिल भरलं, मग पाच महिने पाच-पाच हजार घरी पाठवले, मग फोन उचलणं बंद. आता शेठचा माणूस येऊन म्हणतो की दोन लाखात मिटवू, त्यातून बिलाचे ८० हजार वजा, राहिलेले १ लाख २० हजार घ्या आणि पाचशेच्या बाँडवर सही करा की यापुढं काही मागणार नाही. आणि गावातला एक जाणकार म्हणतो की मालकाकडनं भरपाई घेतली की संजय गांधी निराधारचा पगार, म्हणजे सरकारचं महिन्याचं अनुदान, कधीच मिळत नाही, दोन्हीतलं एकच घ्या. म्हणून ताईंचा प्रश्न असा, की बाँड करून गपचिप रोख घेतले तर कुठं नोंद होणार नाही, आणि मग निराधारचा फॉर्म पण भरता येईल, तर असं करावं का.

ताई, आधी एक सांगतो, तुमचं पत्र मला दोनदा वाचावं लागलं, कारण तुम्ही नवऱ्यालाबी मालक लिहिलंय आणि जिनिंगवाल्यालाबी मालक लिहिलंय, त्यामुळं "मालक दवाखान्यात रडायले" इथं मी पाच मिनिटं थांबलो की हे कोण रडायलंय. आता तुम्ही मला भाऊ म्हणलंच आहे तर तुमच्या मिस्टरांना मी दाजी म्हणतो आणि जिनिंगवाल्याला शेठ म्हणतो, म्हणजे गोंधळ नको.

तर उत्तर आधीच देऊन टाकतो, बाँडवर सही करू नका. आज नाही, उद्या नाही, शेठ स्वतः पेढे घेऊन आला तरी नाही. का ते आता सांगतो, जरा लांबण लागंल.

मी तहसीलला बावीस वर्षं काढली, त्यातली सहा वर्षं संजय गांधीच्या टेबलावर. त्या टेबलावर बसून मी हजारो फॉर्म तपासले असतील, आणि "भरपाई घेतली का" असा रकानाच नाही हो त्या फॉर्मवर. तिथं काय बघतात तर माणूस १८ ते ६५ मधला आहे का, १५ वर्षं महाराष्ट्रात राहतो का, दिव्यांग असेल तर सर्टिफिकेटवर कमीत कमी ४० टक्के आहेत का, दुसऱ्या कुठल्या सरकारी पेन्शन योजनेचा पैसा चालू आहे का, आणि घराचं वर्षाचं उत्पन्न किती. दिव्यांगासाठी ही उत्पन्नाची मर्यादा ५० हजार आहे, बाकीच्या निराधारांना २१ हजार. बस. अपघाताची भरपाई ही काही पेन्शन योजना नाही, ती दाजींच्या गेलेल्या बोटांची किंमत आहे, आणि ती शेठनं द्यायची आहे, सरकारनं नाही. त्यामुळं "एकच घ्या" असा काही नियम नाही, गावातल्या जाणकारानं कुठून तरी अर्धं ऐकून पूर्ण सांगितलंय. अडचण येते ती उत्पन्नाच्या रकान्यात येते, आणि ती खरी आहे, त्याच्यावर मी पुढं येतोच.

आधी हिशोब बघा, कारण हिशोब कळल्याशिवाय तुम्हाला राग येणार नाही आणि राग आल्याशिवाय तुम्ही परभणीला कोर्टात जाणार नाही.

१९२३ चा कायदा आहे, पूर्वी त्याला वर्कमेन कॉम्पेन्सेशन म्हणायचे, नंतर नाव कर्मचारी भरपाई कायदा झालं. २१ नोव्हेंबर २०२५ पासून नवे लेबर कोड, म्हणजे नवे कामगार कायदे, लागू झालेत पण दाजींचा अपघात त्याच्या आधीचा, म्हणून जुन्या कायद्यानंच बघायचं. त्यात कायमचं पूर्ण अपंगत्व आलं तर महिन्याच्या पगाराचे ६० टक्के धरायचे आणि त्याला वयाप्रमाणे एक आकडा दिलाय त्यानं गुणायचं. पगार १५ हजाराच्या वर असला तरी १५ हजारच धरतात, दाजींचा १२ आहे म्हणजे तो प्रश्न नाही. १२ हजाराचे ६० टक्के ७,२००. वय ३५ चा आकडा १९७.०६. गुणाकार झाला १४,१८,८३२. आता हे पूर्ण अपंगत्वाचं. बोटं-हात-पाय-डोळे यांची कायद्याच्या मागं एक यादी आहे, तीन बोटं गेली तर ३० टक्के, चारी बोटं गेली तर ५० टक्के, सगळा पंजा गेला तर ६०. दाजींची चारी गेली म्हणजे ५० टक्के, म्हणजे ७,०९,४१६ रुपये.

परत वाचा. सात लाख नऊ हजार. आणि शेठ तुम्हाला १ लाख २० हजार द्यायला निघालाय, तेबी उपकार केल्यासारखं.

आणि हे कमीत कमी आहे. अपघात झाल्यापासून महिन्याभरात पैसे दिले नाहीत तर त्यावर वर्षाला १२ टक्के व्याज लागतं, म्हणजे तुमच्या रकमेवर वर्षाचे ८५ हजार १३० रुपये. मुद्दाम टाळलं असं दिसलं तर वरून ५० टक्क्यांपर्यंत दंड पण लागू शकतो, आणि तो दंड पण तुम्हालाच मिळतो. शिवाय यादीतले ५० टक्के हे काही दगडावरची रेघ नाही. १९७५ मध्ये सुप्रीम कोर्टापुढं एका सुताराची केस आली होती, त्याचा डावा हात कोपराच्या वरून गेला होता, यादीप्रमाणे टक्के कमी येत होते पण कोर्ट म्हणालं की एका हाताचा सुतार सुतारकी कशी करणार, म्हणून त्याला पूर्ण १०० टक्के धरलं. दाजी जिनवर काम करायचे, गाठी ओढायचे, दोन्ही हातांचं काम आहे ते. डॉक्टरनं लिहून दिलं की हा माणूस असलं काम परत करू शकत नाही तर वकील ५० च्या वर मागू शकतो, मिळंलच असं नाही, पण मागायचं तरी.

दवाखान्याचं बिल. हे नीट लक्षात ठेवा कारण शेठचा माणूस याच्यावरच जास्त बोलणार. उपचाराचा खर्च मालकानंच करायचा असतो आणि तो भरपाईतून वजा करता येत नाही, कायद्यात तसं साफ लिहिलंय. ते ८० हजार त्याचेच होते. जे पाच-पाच हजार घरी आले ते २५ हजार वजा करा म्हणला तर एकवेळ मानू, ते धरता येतात. पण बिल नाही.

आता बाँड. असल्या बाँडला कायद्यात किंमत शून्य आहे, म्हणजे कामगारानं भरपाईचा हक्क सोडला असं लिहून दिलं तरी ते लिहिणं रद्द. मग तुम्ही म्हणाल की मग सही केली तर काय बिघडतं, पैसे घेऊ आणि नंतर केस करू. ताई, बिघडतं असं की कोर्टात शेठचा वकील तो बाँड काढून दाखवणार, त्यात काय लिहिलेलं असणार तुम्हाला माहीत नाही, मी बघितलेत असले बाँड, "सदर इसम आमच्याकडे कामास नव्हता, माणुसकीच्या नात्याने मदत" असलं काहीबाही आत घुसवलेलं असतं आणि खाली दाजींचा डावा अंगठा. तडजोड करायचीच असेल, आणि करायला हरकत नाही म्हणा, सगळेच काही कोर्टात पाच वर्षं चकरा मारू शकत नाहीत, तर ती तडजोड कमिशनरपुढं नोंदवायची. म्हणजे कामगार न्यायालय, आणि जिथं ते नाही तिथं वरिष्ठ स्तराचे दिवाणी न्यायाधीश हे कमिशनर म्हणून काम बघतात. ते रक्कम बघतात आणि लई कमी वाटली तर नोंदवायला नाही म्हणू शकतात. शेठ खरंच मिटवायला तयार असेल तर त्याला म्हणा, चला कोर्टात नोंदवू. तिथंच कळंल.

शेठ अजून दोन गोष्टी म्हणणार. एक, हा माझा कामगार नाही, मुकादमाचा आहे. म्हणू द्या. मुकादमाचा असला तरी काम शेठच्या जिनिंगमध्ये शेठच्या धंद्याचं चाललं होतं, म्हणून तुम्ही थेट शेठवर दावा करू शकता, नंतर त्यानं मुकादमाकडून वसूल करायचं का नाही ते त्या दोघांचं. दोन, चालू मशीनमध्ये हात यानंच घातला, चूक याची. आता जिनिंग ज्यानं बघितलंय त्याला माहितीय, रात्री दोन वाजता ट्रॅक्टरची लाईन लागलेली असते, मुकादम बोंबलत असतो, सगळीकडं रुईचा धुरळा, डोळ्याला रुमाल, आणि कापूस तुंबला की मशीन बंद करून परत चालू करायला जो वेळ जातो त्याच्यासाठी शिव्या खाव्या लागतात. मग माणूस हात घालतो. हा निष्काळजीपणा झाला फार तर. भरपाई बुडते ती दारू पिऊन असेल, किंवा सांगितलेला सुरक्षेचा नियम जाणूनबुजून मोडला असेल, किंवा मशीनचं गार्ड मुद्दाम काढलं असेल तर. त्या रोलरला गार्ड होतं का ते दाजींना विचारा. मला वाटतं नसणार.

आणि बऱ्याचदा काय असतं, शेठनं कामगारांची विमा पॉलिसी काढलेली असते, पैसे त्याच्या खिशातून जाणारच नसतात, पण ती वापरायची म्हणजे अपघाताची नोंद करावी लागते आणि नोंद केली की फॅक्टरी इन्स्पेक्टर येतो. म्हणून दोन लाखात मिटवू.

आता सगळ्यात महत्त्वाचं, दवाखान्याचा पहिला कागद काढा. डिस्चार्ज कार्ड नाही फक्त, भरती करतानाचा केसपेपर. त्याच्यावर वरच्या बाजूला लिहिलेलं असतं इजा कशी झाली. मी टेबलावर असताना एक पोरगा आला होता, पंचविशीतला, हात मनगटातून गेलेला, केसपेपरवर लिहिलेलं "कडबा कुट्टी मशीनमध्ये हात गेल्याने". मी म्हणलं शेती किती, म्हणला शेतीच नाही साहेब. मुकादमानंच दवाखान्यात नेला होता आणि मुकादमानंच डॉक्टरला सांगितलं होतं, हा शुद्धीवर नव्हता. त्या एका ओळीनं त्याची केस गेली. तर तुमच्या कागदावर जिनिंग लिहिलंय का, मशीन लिहिलंय का, पोलिसात एमएलसी, म्हणजे दवाखान्यानं द्यायची अपघाताची खबर, गेली का, बघा. नसेल लिहिलेलं तरी सगळं संपलं असं नाही, बरोबर काम करणारे दोन-तीन जण सांगायला तयार असतील, शेठच्या माणसानं फोनवर पैसे पाठवले असतील तर ते मेसेज, व्हॉट्सॲपवरचं बोलणं, हजेरीची वही कुणी फोटो काढून ठेवली असेल तर, हे सगळं पुरावा आहे. पाच हजार फोनपेवरून आले होते का हातात? फोनपेवरून आले असतील तर लई चांगलं, उगं कुणी कुणाला पाच महिने पैसे पाठवत नाही.

मुदत दोन वर्षांची आहे, अपघाताच्या तारखेपासून, म्हणजे जानेवारी २०२७. उशिराचं सबळ कारण दिलं तर कमिशनर घेऊ शकतात पण त्या भरवशावर राहू नका. आधी शेठला साध्या कागदावर लिहून पाठवा, अमुक तारखेला तुमच्या जिनिंगमध्ये कामावर असताना अपघात झाला, भरपाई द्या. स्पीड पोस्टानं पाठवा आणि पावती जपा. मग परभणीला जिल्हा कोर्टात विधी सेवा प्राधिकरणाचं ऑफिस आहे तिथं जा, वकील फुकट मिळतो. बाईमाणसाला, दिव्यांगाला, कारखान्यातल्या कामगाराला, अनुसूचित जाती-जमातीला उत्पन्न न बघता मिळतो. तुमच्या घरात तर यातले दोन-तीन एकदम बसतात. कुणी वकील म्हणला की मिळालेल्या रकमेचे ३० टक्के मला, तर नमस्कार करून उठा.

आता निराधारचं बोलू, ज्याच्यासाठी तुम्ही खरंतर पत्र लिहिलंत.

तुम्ही पत्रात लिहिलंय की "कोर्टाच्या हिशोबानं ५० टक्के धरतेत म्हणे, म्हणजे ४० च्या वर झालं ना, मग निराधार बसतंय." इथं लोक फसतात. हे दोन टक्के वेगळे आहेत ताई, एकमेकांचा संबंध नाही. भरपाईचे ५० टक्के म्हणजे कमवायची ताकद किती गेली त्याचे. निराधारला, एसटीला, युडीआयडी कार्डाला म्हणजे दिव्यांगाच्या ओळखपत्राला जे टक्के लागतात ते सरकारी दवाखान्यातला बोर्ड देतो, २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याखाली, आणि तो शरीराचं मोजतो, कामाचं नाही. जिनवरचा कामगार असो का तलाठी, चार बोटांचे टक्के बोर्डापुढं सारखेच. आणि अंगठा शाबूत असेल तर बोर्डाचा आकडा ४० च्या खाली येऊ शकतो, याची मनाची तयारी ठेवा. तिथं ४० नाही आले तर निराधार दिव्यांग म्हणून मिळतच नाही, भरपाई घ्या नाहीतर सोडा.

म्हणजे बघा, जो पगार मिळंल का नाही हेच अजून ठरलेलं नाही, त्याच्यासाठी तुम्ही सात लाख सोडायला निघालात.

तरी बोर्डापुढं जाच, आणि नीट जा. स्वावलंबन पोर्टलवर अर्ज भरून तारीख घ्या, सेतूवाला भरून देईल. बोर्डापुढं दाजी गप बसतील, मला माहितीय, गडीमाणूस डॉक्टरपुढं "बरंय साहेब" म्हणतो. तुम्ही बोला. राहिलेला अंगठा पूर्ण वळतो का, मनगट फिरतं का, आॅपरेशननंतर कातडी आखडलीय का, रात्री ठणका लागतो का, शर्टाची बटणं कोण लावतं, जेवताना भाकर कशी मोडतात. हे सगळं सांगा, एक्स-रे आणि आॅपरेशनचे कागद न्या. अंगठा ताठ झाला असेल तर तेबी मोजलं जातं. आकडा चुकीचा वाटला तर त्याच्यावर अपील करता येतं, तोंडी भांडू नका, लेखी करा. युडीआयडी कार्डाचे तीन रंग असतात, ४० च्या खाली पांढरा, ४० ते ८० पिवळा, ८० च्या वर निळा. तुम्हाला पिवळं पाहिजे. पिवळं मिळालं तर एसटीला तिकिटात ७५ टक्के सवलत, आणि ग्रामपंचायतीला स्वतःच्या उत्पन्नातले ५ टक्के दिव्यांगांवर खर्च करावे लागतात त्यात तुमचा अर्ज बसतो, याला कुणी भरपाई घेतली का विचारत नाही. ग्रामसेवक म्हणंल निधी नाही. दरवर्षी म्हणतो तो.

समजा ४० आले. मग निराधारचे दिव्यांगाला महिना २,५०० आहेत, ऑक्टोबर २०२५ पासून वाढलेत, आधी १,५०० होते. वर्षाचे झाले ३० हजार. आता भरपाईचे ७ लाख ९ हजार तुम्ही बँकेत एफडीला टाकले आणि समजा ७ टक्के व्याज धरलं तर वर्षाचे ४९ हजार ६५९ होतात. मर्यादा ५० हजार. ३४१ रुपयांनी वाचलात! पण तुम्ही खुरपायला जाता, कापूस वेचायला जाता, दीड एकर कोरडवाहू आहे असं लिहिलंय, ते सगळं घराच्या उत्पन्नात येतं, म्हणजे मर्यादा ओलांडली. हे खरं आहे आणि मी लपवणार नाही, पैसे सगळे व्याजावर ठेवले तर निराधार बहुतेक बसणार नाही. आणि त्यातले चार लाख पोरांच्या शिक्षणाला, कर्ज फेडायला, शेळ्या घ्यायला, घरावर पत्रे टाकायला गेले तर व्याज कमी होईल आणि पुढच्या वर्षाच्या उत्पन्नाच्या दाखल्यात तेवढंच येईल. दाखला त्या वर्षाचा असतो, जन्माचा नाही. आज नाही बसलं तर दोन वर्षांनी परत भरता येतं.

पण हिशोब हा लावा की सात लाख नऊ हजार म्हणजे निराधारचे किती वर्षांचे पैसे. साडेतेवीस वर्षांच्या वर. दाजी साठीला येतील. आणि ते २,५०० दर महिन्याला येतातच असं समजू नका, मी त्या टेबलावर बसलोय, चार-चार महिने अनुदान यायचं नाही आणि म्हाताऱ्या बायका तहसीलच्या पायऱ्यांवर बसून असायच्या, आम्ही म्हणायचो बिल ट्रेझरीत आहे. आता थेट खात्यावर येतंय, जरा बरंय, पण तुम्ही सात लाखांचा विचार सोडून अडीच हजारांवर भांडायलात.

गपचिप रोख घेऊन एजंटाकडून २१ हजाराचा उत्पन्नाचा दाखला काढायचा जो विचार तुम्ही पत्रात लिहिलाय तो तर अजिबात नको. तीन हजार घेतो तो एजंट, मी त्यांना नावानिशी ओळखतो, आणि पुढं चौकशी लागली की एजंट सापडत नाही, सही तुमची असते आणि वसुली तुमच्यावर निघते. शिवाय ज्या माणसानं तुम्हाला सांगितलं की गपचिप घ्या, तो उद्या त्याच गोष्टीवरून तक्रारबी करणार, गाव आहे.

एक वेगळं, हे ताईंसाठी नाही पण संभाजीनगरकडं वाळूज, चिकलठाणा, शेंद्र्याच्या कारखान्यांत जी पोरं आपल्या भागातून कामाला गेलीत त्यांच्यासाठी. तुमच्या पगारातून ईएसआयचे, म्हणजे कामगारांच्या सरकारी विम्याचे, पाऊण टक्का कापत असतील तर वरचा सगळा हिशोब तुम्हाला लागू नाही. जिनिंग हे सीझनल धंद्यात धरतात म्हणून तिथं ईएसआय नाही, म्हणून दाजींना जुना भरपाईचा कायदा. तुम्हाला ईएसआय असेल तर मालकावर भरपाईचा दावा चालत नाही, त्याऐवजी बरं होईपर्यंत पगाराच्या ९० टक्क्यांएवढे पैसे आणि कायमचं अपंगत्व राहिलं तर बोर्ड ठरवंल त्या टक्क्यानं दर महिन्याला आयुष्यभर पेन्शन. हे दर महिन्याला येणारं आहे म्हणून निराधारच्या उत्पन्नात ते लगेच दिसतं. पण कुणी ठेकेदार म्हणला की ईएसआयला नको जाऊ, मी खाजगीत दाखवतो, तर ऐकू नका, अपघाताचा फॉर्म ईएसआयला गेल्याशिवाय गावाकडची गाडी धरू नका. पॉवर प्रेसवर बोटं गेलेली किती पोरं मी बघितलीत ज्यांना ठेकेदारानं ५० हजार देऊन गावाकडं पाठवलं.

ताई, परत तुमच्याकडं येतो, दोन बारीक गोष्टी राहिल्या. बँकेच्या पासबुकात मे-जूनच्या आसपास २० रुपये कापलेले दिसतात का बघा, ती पंतप्रधान सुरक्षा विमा योजना असते, हाताचा वापर कायमचा गेला तर तिच्यात एक लाखापर्यंत असतात. उशीर झालाय, चार बोटांना बसंल का ते बँक-विमावाले ठरवतील, पण विचारायला पैसे लागत नाहीत. आणि पतसंस्थेवाला म्हणाला असेल ना की भरपाई आली की आधी आमचं कर्ज, तर भरपाईच्या रकमेवर जप्ती आणता येत नाही. कर्ज फेडायचं तर फेडा, पण तुमच्या सोयीनं.

आणि दाजींची सही. तुम्ही लिहिलंय की बँकेत गेले तर डाव्या हातानं केलेली सही जुळत नाही म्हणून परत पाठवलं आणि दाजी तेव्हापासून बँकेत जायनात, लाज वाटते म्हणतेत. हे पैसे यायच्या आधी मिटवा. बँकेत अर्ज द्या की उजव्या हाताची बोटं गेलीत, सोबत डिस्चार्ज कार्डाची झेरॉक्स, आणि डाव्या हाताची नवी सही नाहीतर डावा अंगठा नोंदवून घ्या. आधार केंद्रावर जाऊन बोटांचे ठसे नव्यानं करून घ्या, गेलेली बोटं तशी नोंदवता येतात, नाहीतर पुढं हयातीच्या दाखल्याला आणि केवायसीला दरवेळी अडतंय. मॅनेजर नव्या सहीला नाही म्हणाला तर नाही का ते लिहून मागा. डाव्या हाताची सही करायला दाजींना घरी पोरांच्या वहीवर पंधरा दिवस सराव करू द्या, एकसारखी यायला तेवढे लागतात, माझ्या धाकट्या भावाला तीन आठवडे लागले होते.